पावावर घातलेलं नाव

झियांनी स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला. आत दोरे, मेणबत्त्यांचे तुकडे, कुठल्यातरी कुलपांच्या बिनकामाच्या चाव्या, असं कुठल्याही घरात सापडेल ते सगळं होतं, आणि तळाशी एका फडक्यात गुंडाळलेली एक लाकडी वस्तू. बुद्धिबळातल्या सोंगटीपेक्षा जरा मोठी. वर कोंबडा कोरलेला, म्हणजे तीच धरायची मूठ, आणि बुडाला उलटी कोरलेली दोन अक्षरं. कोंबड्याचा तुरा बोटं लागून लागून पार गुळगुळीत झाला होता आणि चोच तर गेलीच होती. मी उलटसुलट करून बघत बसले, मग त्यांनीच माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर दाबून दाखवला. पावाचा शिक्का. त्यांच्या आईचा.

झिया म्हणजे इटालियनमध्ये मावशी, आत्या, काकू सगळं एकच. दक्षिण इटलीतल्या बारी शहरात माझं ऑफिस होतं, तिथल्या मैत्रिणीची ही आई, ऐंशीला टेकलेली, राहणार मातेरा. मी नोकरीसाठी दोन वर्षं बारीला होते तेव्हा शनिवार-रविवारी बऱ्याचदा त्यांच्याकडे जायचे. पहिल्यांदा मी सिन्योरा म्हणाले तर त्यांनी हातानेच ते झटकून टाकलं आणि झिया म्हणायचं ठरलं ते कायमचं.

तर हा शिक्का. मातेऱ्यात पूर्वी पीठ घरी मळायचे पण भट्टी घरी नसायची, ती वस्तीची असायची, भट्टीवाला किंवा त्याचा पोरगा पहाटे गल्लीतून हाक मारत यायचा आणि घराघरातून मळून ठेवलेले मोठे गोळे फळीवर घेऊन जायचा. एका भट्टीत इतक्या घरांचे पाव, सगळे सारख्याच रंगाचे, मग कोणाचा कुठला हे ओळखणार कसं? म्हणून गोळ्यावर आपल्या घराचा शिक्का मारायचा. मेंढपाळ लोक रानात मेंढरं चरत असताना बसल्याबसल्या लाकडाचे हे शिक्के कोरायचे, वर कधी कोंबडा कधी माणूस कधी नुसतीच नक्षी, आणि खाली घरच्या कर्त्याच्या नावाची अक्षरं. पोरगा मुलीला असा शिक्का द्यायचा आणि तिने तो ठेवून घेतला म्हणजे होकार, असंही तिथे सांगतात.

मला तिथे बसल्याबसल्या आईची भांडी आठवली. आपल्याकडे नाही का, स्टीलच्या ताटावर, पातेल्यावर, डब्याच्या झाकणावर नाव घालून आणायचे, "सौ. अमुक यांजकडून" किंवा नुसती आद्याक्षरं आणि तारीख. साताऱ्याला आमच्या वाड्यात कोणाकडे मुंज निघाली की सगळ्यांची पातेली एकाच चुलाणावर जायची आणि दुसऱ्या दिवशी बायका मागच्या अंगणात बसून नावं वाचून वाचून भांडी वेगळी करायच्या. झियांना मी हे माझ्या मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं तर त्यांना दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नाही, लगेच कळलं. जिथे वस्तू एकमेकांत मिसळतात तिथेच नाव घालावं लागतं ना.

मातेरा बघायला जाताना लोक फोटो बघून जातात आणि फोटो खोटे नाहीत. बारीहून छोट्या गेजची गाडी पकडायची, वाटेत आल्तामुरा लागतं, बाहेर गव्हाची शेतं आणि दगडी बांध, गाडी रमतगमत जाते. उतरल्यावर आधी साधंसुधं आधुनिक गाव दिसतं, बँका, कपड्यांची दुकानं, बाल्कन्या. मग चौक ओलांडून एका कमानीतून खाली बघितलं की पायाखालची जमीनच संपते आणि समोर दगडाचं एक अख्खं खोरं, घरावर घर घरावर घर, कुठलं कोरलेलं आणि कुठलं बांधलेलं ते कळत नाही. त्याला सास्सी म्हणतात, म्हणजे नुसतं दगड. दोन वस्त्या, सास्सो काव्हेओझो आणि सास्सो बारिझानो, दोघांच्या मधे उंचावर चिव्हिता आणि तिथे तेराव्या शतकातलं कॅथेड्रल. खाली ग्राव्हिना नावाची खोल घळ आणि घळीच्या पलीकडे मुर्जाचं उजाड पठार, त्यातही गुहा, आणि कित्येक गुहांमध्ये चर्च, भिंतींवर साधुसंतांची जुनी चित्रं. दगड आपल्या सह्याद्रीसारखा काळा कडक नाही, पिवळट पांढरा, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा चुनखडीचा. म्हणून कोरता आला. आत कोरायचं आणि निघालेल्या दगडाच्या विटा पाडून तोंडाशी पुढची खोली बांधायची. एकाचं छप्पर तो दुसऱ्याचा रस्ता.

पण मला विचाराल तर मातेऱ्याची खरी करामत घरं नाहीत, पाणी आहे. त्या भागात पाऊस कमी, नदी खाली घळीत आणि तिथून पाणी वर आणणं अशक्य, म्हणून या लोकांनी पावसाचा थेंबन् थेंब धरला. छपरांना उतार, उताराला पन्हळ, पन्हळीतून भिंतीत कोरलेली वाट आणि ती वाट घराखालच्या घंटेच्या आकाराच्या टाकीत, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. टाकीला आतून खापराचा चुरा आणि चुना मिळून केलेला गिलावा, कोच्चोपेस्तो म्हणतात त्याला, त्यातून पाणी झिरपत नाही. आणि मुख्य चौकाच्या, पियाझ्झा व्हित्तोरिओ व्हेनेतोच्या बरोब्बर खाली पालोंबारो लुंगो नावाची गावाची मोठी टाकी आहे, सुमारे ५० लाख लिटर पाण्याची, पंधरा-सोळा मीटर उंच. नळाचं पाणी आलं, गाव तिला विसरलं, आणि १९९१ मध्ये चौकाचं काम करताना ती पुन्हा सापडली. मी आत उतरले तेव्हा लोखंडी जिना आणि खाली हिरवट पाणी, वर दगडातच राखून ठेवलेले जाड खांब, भिंतीवर पाणी पूर्वी कुठवर चढायचं त्याच्या रेघा. बोललं की आवाज घुमून परत येतो. मी पंधरा मिनिटं तिथे नुसती उभी होते, वर चौकात लोक आइस्क्रीम खात होते आणि खाली हे. मला तिथे जे वाटलं तो आदर होता, दुसरा शब्द नाही.

आता हे सगळं इतकं शहाणपणाचं होतं तर मग गाव रिकामं का करावं लागलं? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता आणि टूरवाले त्याचं उत्तर पटकन "गरिबी" असं देऊन पुढे जातात. पण मातेरा कायमचं गरीब नव्हतं. १६६३ पासून १८०६ पर्यंत ते बाझिलिकाता प्रांताची राजधानी होतं, चिव्हितावरचे वाडे आणि वरच्या गावातली चर्चेस बघितली की पैसा दिसतो. मग राजधानी पोतेन्झाला गेली, मेंढरांचा आणि लोकरीचा धंदा बसत गेला, जमिनी मोठ्या जमीनदारांच्या आणि राबणारे रोजंदारीवर, आणि माणसं तर वाढतच होती. राहायला जागा नाही म्हणून टाक्या फोडून खोल्या केल्या, तबेले, धान्याची कोठारं, जिथे माणसाने राहायचंच नव्हतं तिथे संसार मांडले. म्हणजे ज्या पाण्याच्या सोयीवर गाव उभं होतं तीच मोडून घरं झाली. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पूर्वजांनी चुकीचं गाव बांधलं नव्हतं, पोटच्या पोरांना निवारा द्यायला गावकऱ्यांना गावाची आतडी काढावी लागली.

आणि कोणी असंही समजू नये की ही माणसं मुकाट होती. १५१४ च्या डिसेंबरात करांनी पिळणाऱ्या त्रामोंतानो सरदाराला गावकऱ्यांनी कॅथेड्रलमधून बाहेर पडताना मारलं, त्याचा किल्ला अजून अर्धवट उभा आहे. आणि २१ सप्टेंबर १९४३ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याविरुद्ध गाव उठलं, त्यात गावकऱ्यांचे जीव गेले.

कार्लो लेव्ही नावाचा तोरिनोचा डॉक्टर आणि चित्रकार, मुसोलिनीच्या राजवटीने त्याला १९३५ मध्ये याच प्रांतात हद्दपार करून ठेवलं होतं. त्याचं पुस्तक १९४५ मध्ये आलं. त्याची बहीण पण डॉक्टर, ती त्याला भेटायला जाताना मातेऱ्यात उतरली होती आणि तिने पाहिलेलं त्या पुस्तकात येतं, गुहेच्या दारात बसलेली मुलं, डोळे खुपऱ्यांनी सुजलेले, त्यावर माशा आणि मुलं हात पण हलवत नाहीत, आणि तिच्या मागे मुलं धावली ती गोळ्या-चॉकलेटसाठी नाही, पैशांसाठी नाही, क्विनीनसाठी. मलेरियाचं औषध मागत पोरं बाईच्या मागे धावतात हे चित्र अख्ख्या इटलीला बसलं. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती आले आणि ही लाज आहे म्हणाले, १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी येऊन बघून गेले, आणि १७ मे १९५२ ला कायदाच झाला, सास्सी रिकामे करण्याचा. सुमारे १५ हजार माणसं. पुढच्या पंधराएक वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी वर हलवली.

झियांचं घर काव्हेओझोत होतं. एक खोली, आत आत लांब जाणारी, दाराशी उजेड आणि मागे अंधार. मागच्या अंधारात खेचर, कारण खेचर म्हणजे घरातली सगळ्यात महागडी वस्तू आणि थंडीत त्याच्या अंगाची ऊब. पलंग खूप उंच कारण खाली कोंबड्या. गादीत मक्याची सोपटं भरलेली, कूस बदलली की खसखस वाजणार. सगळ्यात धाकटं लेकरू ड्रॉवरच्या कपाटाच्या खणात झोपायचं. त्यांच्याआधी दोन भावंडं झाली आणि गेली, हे त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, आवाज न बदलता, आणि नावं पण सांगितली. म्हणून मला सास्सीबद्दलचे ते गोडगोड लेख सहन होत नाहीत, ते मातीशी नातं वगैरे. ओल होती, उजेड नव्हता, गटाराची सोय नव्हती, मुलं मरायची. वरच्या नव्या घरात नळ होता आणि संडास होता, आणि झियांच्या आईने पहिल्या दिवशी नळ सोडला आणि बंद केला, सोडला आणि बंद केला, असं किती वेळ करत होती म्हणे. त्यांच्या घरी कोणालाही परत जायचं नव्हतं.

आणि तरीही. त्यांची आई नव्या घरात वर्षभर रडत होती. हे दोन्ही खरं आहे, आणि मला झियांकडून समजलं ते इतकंच की यातलं एक खरं मानण्यासाठी दुसरं पुसायचं कारण नाही.

रडायची ती व्हिचिनातोसाठी. चारपाच दहा गुहांची तोंडं एकाच छोट्या अंगणाकडे उघडायची, त्या अंगणाला आणि त्यातल्या माणसांना मिळून व्हिचिनातो म्हणायचे. आपल्या वाड्याच्या चौकासारखं म्हणा. एकच टाकी, धुणं तिथेच, कडधान्य निवडायचं तिथेच, बाळंतपणाला शेजारीण, एकीचं दूध आटलं तर दुसरी पाजणार. भांडणं पण तिथेच, झिया सांगतात की दोन बायका पाण्यावरून तीन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या पण पोरं एकमेकींचीच सांभाळत होत्या. १ ऑगस्टला सुगी संपल्यावर क्रापियाता करायचे, घराघरातून मूठ मूठ आणायची, गहू, वाटाणे, मसूर, राजमा, घेवडा, बटाटे, आणि अंगणात एकच मोठं भांडं चढवायचं. कोणी मूठ मोठी आणली कोणी छोटी, शिजल्यावर काय कळतंय.

सरकारी लोकांना हे दिसलं नव्हतं असं पण नाही हं. तज्ज्ञांचा अभ्यासगट बसला होता, त्यांनी व्हिचिनातोचा बारकाईने अभ्यास केला, आणि लुदोव्हिको क्वारोनी वगैरे आर्किटेक्टांनी ला मार्तेल्ला नावाचं नवं खेडं आखताना मुद्दाम घरं जवळजवळ ठेवली, घराला लागून जनावरांचा गोठा दिला. मी ला मार्तेल्ला बघून आले, चांगलं आहे, मनापासून केलेलं आहे. पण घरं वाटताना कोणाच्या शेजारी कोण हे कुठे जुळवलं, आणि ज्यांना फ्लॅट मिळाले त्यांचं तर सगळंच पांगलं. कुटुंबं मोजली होती, शेजार मोजला नव्हता. झियांच्या समोरची बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि शेजारची मिलानला. मग पहाटे हाक मारणारा पोरगा पण नाही, भट्टी पण नाही, पाव दुकानातून, शिक्का ड्रॉवरमध्ये.

एक गोष्ट मात्र पांगली नाही आणि ती बघायला मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले, २ जुलै, मादोन्ना देल्ला ब्रुनाचा, म्हणजे मेरीमातेचा उत्सव. १३८९ पासून चालू आहे. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याला वाटेत अनोळखी बाई भेटली, तिने गाडीतून गावापर्यंत सोड म्हटलं, आणि गावाच्या वेशीशी, पिच्चानेल्लोजवळ, ती उतरली आणि तिची मूर्ती झाली, आणि सांगून गेली की दरवर्षी मला असंच सजवलेल्या गाडीतून गावात आणा. तर पहाटे अंधारात मेंढपाळांची मिरवणूक निघते, दारूगोळ्याच्या आवाजाने पठार दणाणतं. आणि संध्याकाळी निघतो कार्रो, कागदाच्या लगद्याचा प्रचंड रथ, बायबलमधला प्रसंग, देवदूत, फुलं, माणसाएवढ्या मूर्ती, पिच्चानेल्लोच्या कारखान्यात महिनोन्महिने खपून केलेला. खेचरं ओढतात, भोवती जरीच्या पोशाखातले घोडेस्वार, वर मादोन्ना. कॅथेड्रलच्या चौकात तीन फेऱ्या होतात, मूर्ती उतरवून आत नेतात. आणि मग रिकामा रथ चौकाकडे येतो आणि लोक त्याच्यावर तुटून पडतात.

मी दहीहंडी बघत मोठी झाले तरी मला धडकी भरली. घोडेस्वार बाजूला झाले आणि पोरं चारी बाजूंनी चढली, अक्षरशः काही मिनिटांत तो रथ नुसता लाकडी सांगाडा राहिला. कोणाच्या हातात देवदूताचं डोकं, कोणाच्या हातात पंख, एक घामेजलेला मुलगा एक हात छातीशी धरून पळत होता, कागदी हात, सोनेरी बाहीचा. ते तुकडे घरात, दुकानात भिंतीवर लावतात, वर्षभर घराला चांगलं. झियांच्या फ्रिजवर एक पाय आहे, सँडल घातलेला, त्यांच्या मोठ्या भावाने आणलेला. मी विचारलं इतकं सुंदर मोडायचं कशाला, तर म्हणाल्या, मोडल्याशिवाय पुढच्या वर्षी नवा कसा करणार? आणि गर्दी पांगताना लोक एकमेकांना त्यांच्या बोलीत एक वाक्य म्हणत होते, मैत्रिणीने अर्थ सांगितला, पुढच्या वर्षी याहून छान होऊ दे. माझ्या तोंडून आपसूक "पुढच्या वर्षी लवकर या" निघालं आणि डोळ्यात पाणी आलं. घरापासून इतक्या लांब मला कोणी माझंच वाक्य परत करेल असं वाटलं नव्हतं.

सास्सी कित्येक वर्षं जवळजवळ ओसाड होते. मग १९८६ मध्ये दुरुस्तीसाठी कायदा आला, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव, आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी. ज्याला देशाची लाज म्हटलं तेच आता देशाच्या पोस्टरवर. गुहांमध्ये हॉटेलं झाली, पांढऱ्या चादरी, दगडात कोरलेला बाथटब. झियांच्या जुन्या घराजवळ पण आहे एक. मी त्यांना घेऊन एकदा खाली गेले, गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या एकेक करत. हॉटेलच्या बंद दारापुढच्या अंगणात त्या थांबल्या आणि बोटाने दाखवत गेल्या, इथे टाकीचं तोंड, इथे अमक्याची कोंबडी मेली होती, या दगडावर आई बसायची. अंगणात आता झाडांच्या कुंड्या आणि दोन खुर्च्या. राग आला का विचारलं तर नाही म्हणाल्या, दिवा लागतोय हे बरं आहे, रिकाम्या घराचं छत कोसळतं. मला मात्र राग आला, खरं सांगते, कारण खोल्या दुरुस्त झाल्या पण त्या अंगणात मूठ आणणारं कोणी राहिलं नाही. वर छोटे ससाणे घिरट्या घालत होते, उन्हाळ्यात आफ्रिकेहून येतात आणि कौलांखाली घरटी करतात, त्यांना कोणी हलवलं नाही.

पाव अजून तोच आहे. मातेऱ्याच्या पावाला २००८ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, कडक गव्हाचा पिवळसर रवा, आंबवण्यासाठी मुरवण, जे पूर्वापार द्राक्ष-अंजिरांसारख्या फळांपासून धरायचे, आणि गोळ्याला वर तीन चिरा, पिता पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. साल जाड, काळपट, आत मऊ आणि वासाला किंचित आंबूस. आठवडाभर टिकतो. शिळा झाला की पाण्यात भिजवून टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह तेल घालून चाल्लेद्दा करतात, फोडणीच्या पोळीच्या जवळचं नातेवाईक.

भारतात परत यायच्या आधीच्या रविवारी झियांनी मला पीठ मळायला बसवलं. माझ्या मनगटातला जोर त्यांना पसंत पडला, पोळ्यांची कणीक मळलेले हात आहेत म्हटलं. गोळा फुगला, त्यांनी तीन चिरा दिल्या, मग ड्रॉवर उघडला, फडकं सोडलं आणि शिक्का माझ्या हातात दिला. जोरात दाब म्हणाल्या, भीत भीत दाबलं तर भाजताना अक्षर पुसतं. दाबला. ओव्हन इलेक्ट्रिकचा, आत जागा एकाच पावाची.

तासाभराने काढला तर अक्षरं ताणून पसरली होती, मला तर वाचता येईनात. झियांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, आमचाच आहे. मग कोपऱ्याचा मोठा तुकडा कापून त्याच फडक्यात बांधून दिला, कारण तेव्हा रविवारी ती छोटी गाडी नसायची, बस असायची, आणि बसला वेळ लागायचा.